तीन गोष्टी बदलून

जळगावात एका चष्म्याच्या दुकानावर दिपमालाची खोली आहे. तिच्याकडे येणाऱ्याला जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं, की तो म्हणतो, नंबर काढायला आलो होतो. काहींनी लाजेकाजेस्तव खरोखरच चष्मे करून घेतलेत. दुकानदार नवीनभाऊ दिवाळीला वर मिठाईचा डबा पाठवतात.

धुळ्याच्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा टिकत नाही. टोपी टाकली तर टिकते.

"आमनी सून नुसती ऐकस, आनि लोके तिले पैसा देतस. मी बठ्ठा जनम ऐकी ऱ्हायनू, माले कोन देस?" (रत्नाची सासू, देवपूर, धुळे. भाजीवाल्याला.)

पारोळ्याच्या त्या खोलीत तासभर बसलं की साडीला कीटकनाशकाचा वास लागतो.

"रडायचं असेल तर रडा ना."

मागचा दात दुखतोय की नाही, हे बाहेरून बघणाऱ्याला कळत नाही.

सावद्याहून धुळ्याला जायचं तर वाटेत भुसावळ लागतं, जळगाव लागतं. दातांचे दवाखाने दोन्हीकडे पुष्कळ आहेत.

*

यातलं आधी काय आणि नंतर काय, याचा दिपमालाच्या डोक्यात अजूनही गुंता आहे. आपण समितीपासून सुरुवात करू.

खान्देशात खासगी समुपदेशकांची एक समिती आहे. नाव लांबलचक, माणसं मोजकी. जे दवाखान्यात किंवा शाळेत नोकरीला असतात त्यांना निदान चहाला सोबत मिळते. स्वतःची खोली भाड्याने घेऊन बसणाऱ्याला सोबत भिंतीची आणि पंख्याची. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि ते कुठे म्हणून बोलायचं नाही. मैत्रिणीजवळ नाही, नवऱ्याजवळ तर नाहीच. संध्याकाळी घरी गेलं की घरचे म्हणणार, तुझं काय, बसून तर असतेस. अशा एकेकट्यांनी एकमेकांना धरून राहावं म्हणून धुळ्याच्या योगेंद्र नानांनी ही समिती उभी केली. नाना कॉलेजात मानसशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांनीच दिपमालाला फोन केला होता.

"समितीत ये."

"नाना, मला वेळ कुठे आहे?"

"वेळ असलेली माणसं आहेत माझ्याकडे. ती काही कामाची नाहीत."

काम फुकटचं, शिवाय पदरमोडीचं. तरी ती गेली. खरं कारण तिने कोणाला सांगितलं नाही. तिलाही अधूनमधून वाटायचं, या खोलीत आपण मेलो तर पुढचा क्लायंट येईपर्यंत कोणाला कळणार नाही.

सुरुवातीला बैठका व्हिडिओ कॉलवर व्हायच्या. एकदा रत्नाच्या मागचा पडदा हलला, आणि पडदा खोकला. त्यानंतर ठरलं की प्रत्यक्षच भेटायचं. जळगाव आणि धुळ्याच्या मधोमध पारोळा. तिथे समितीच्या सेक्रेटरी ज्योत्स्नाच्या भावाचं बी-बियाण्यांचं दुकान, आणि दुकानावर रिकामी खोली.

तिथल्या दुसऱ्या की तिसऱ्या बैठकीत एकाने आपली अडचण मांडली. एक शिक्षक आहे, एरंडोलकडचा, दोन मुली, बायको माहेरी गेलेली. त्याचं वाक्य संपायच्या आत ज्योत्स्ना म्हणाली, "अगं बाई! आमचे मावसे?"

सगळ्यांनी कपाळाला हात लावला. खान्देश लांबून मोठा दिसतो, पण लग्नाच्या पंगतीत बसलं की सगळा एका ओळीत मावतो. तेव्हापासून समितीचा नियम झाला: क्लायंटबद्दल बोलायचं तर तीन गोष्टी बदलून बोलायचं. बाई असेल तर बाप्या करा, गाव फिरवा, पीक फिरवा, मुलाचा धंदा फिरवा. कोणत्या तीन बदलल्या ते कोणी सांगायचं नाही आणि कोणी विचारायचं नाही.

नियम चांगला होता. त्याने वर्षभर कोणाचं वाईट केलं नाही.

*

समितीतल्या प्रत्येकाला एक एकटा समुपदेशक वाटून दिलेला असतो. महिन्यातून दोनदा भेटायचं, त्याचं अडलंनडलं ऐकायचं. दिपमालाच्या वाट्याला रत्ना आली.

रत्ना धुळ्यात देवपुरात बसते. तिच्या खोलीच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना आहे, म्हणून तिच्याकडे येणारे सगळे दात दाखवायला आलेले असतात. त्यातही धुळ्याचे थोडे. धुळ्याची माणसं मन मोकळं करायला जळगावला जातात आणि जळगावची धुळ्याला, कारण आपल्या गावात जिना चढताना कोणीतरी बघतंच. रोज सकाळी दोन बसेस एकमेकींना पारोळ्याजवळ ओलांडतात. त्यात कोण कोणाकडे चाललंय, कोणास ठाऊक.

रत्नाने दवाखान्यातली नोकरी सोडून खोली थाटली होती. आता एका शाळेतून तिला बोलावणं आलं होतं, पगार महिन्याच्या महिन्याला. सासूने शाळेचं नाव देवाच्या नावासारखं घ्यायला सुरुवात केली होती.

"ताई, तू नसतीस ना, तर मी उन्हाळ्यातच पाटी उतरवली असती," रत्ना एकदा म्हणाली.

हे वाक्य दिपमालाने लक्षात ठेवलं. पुढे ते तिला फार जड झालं.

*

बदललेलं.

"एक बाई येतात," रत्नाने सांगितलं. पारोळ्याची खोली, खाली कोणीतरी मक्याच्या बियाण्यावरून हुज्जत घालत होतं. "वयस्कर आहेत. धरणगावच्या. कापसाची शेती. नवरा मागच्या वर्षी गेला. एकच मुलगा, डॉक्टर आहे."

"बरं."

"आल्या की पहिली दहा मिनिटं पावसाचं बोलतात. मग गप्प. मला वाटलं, दुःख बाहेर येत नाहीये. मी वाट बघत बसले. तर चौथ्या-पाचव्या वेळी म्हणतात कशा, 'बाई, तू पन तसंच बघू राह्यली का माझ्याकडे?' मी म्हटलं, कसं? तर म्हणाल्या, 'माझ्या पोरासारखं.'"

रत्ना हसली. दिपमालाही हसली.

"तो मुलगा दर आठवड्याला घरी येतो म्हणे. समोर खुर्ची ओढून बसतो. आवाज खाली आणतो. आणि म्हणतो, आई, रडायचं असेल तर रड. आणि वाट बघतो. त्या म्हणतात, 'मला रडू येत नाही. मला त्याच्याशी कापसाच्या भावावरून भांडायचं असतं. पण तो विचारतो, तुला आतून कसं वाटतंय. आतून मला कापसाचंच वाटतं ना! मग तो गेला की मी दार लावते आणि आडवी होते. अंगातलं सगळं त्राण जातं.' ताई, त्या नवऱ्याच्या दुःखासाठी येतच नाहीत माझ्याकडे. त्या मुलामुळे येतात."

खाली मक्याची हुज्जत मिटली. दिपमालाने पाण्याची बाटली उघडली, पण प्यायली नाही.

कोणता डॉक्टर आपल्या आईला म्हणतो, रडायचं असेल तर रड? डॉक्टर म्हणेल, गोळी घेतली का.

असं समोर बसून, आवाज खाली आणून, वाट बघत राहणारा मुलगा डॉक्टर नसतो. तो, किंवा ती, वेगळ्याच धंद्यातली असते.

*

न बदललेलं.

दिपमालाची आई मागच्या वर्षी गेली. तिचे वडील, अभिमन आबा, सावद्याला एकटे राहतात. केळी आहे, घर आहे, स्वयंपाकाला ताईबाई येते. दिपमाला दर रविवारी जळगावहून जाते. आबांसमोर खुर्ची ओढून बसते. तिचा आवाज आपोआप खाली येतो, तो कामाचा आवाज, कधी लागतो ते तिलाही कळत नाही.

"आबा, रडायचं असेल तर रडा ना."

आबा छताकडे बघतात.

पारोळ्याच्या त्या दुपारनंतरच्या रविवारी तिने हे वाक्य गिळलं. त्याऐवजी ती आबा जेवताना त्यांच्या जबड्याकडे बघत बसली. बाजरीची भाकरी, शेवेची तिखट भाजी, वर कच्चा कांदा. आबा सगळं मजेत चावत होते.

"आबा, मंगळवारी कुठे गेला होतात? फोन लागत नव्हता."

"धुयाले."

"कशाला?"

"दात."

"कोणता?"

"मांगचा."

"बघू."

"तू दाताची डाक्टरीन कवापासून झाली व?"

ताईबाई तव्यावरून म्हणाली, "दर मंगयवारी जाता आबा. सकायी डोकशाले तेल लावता, धुतलेलं धोतर नेसता. दाताले एवढं नटनं लागते, हे मले मालूमच नव्हतं माय."

"तू पोया कर," आबा म्हणाले.

"मी भाकरी करू राह्यली."

"मंग भाकरी कर."

दिपमालाने विचारलं, सावद्यात दाताचा डॉक्टर नाही का? भुसावळला नाही का? माझ्या घरावरून बस जाते, जळगावला नाही का? आबांनी कांद्याची एक पाकळी तोंडात टाकली आणि शांतपणे सांगितलं, की धुळ्याच्या डॉक्टरच्या हातात गुण आहे.

*

आता हिशेब करायचा म्हटला तर असा. बाईचा बाप्या केला, ही एक. धरणगावचं सावदा, ही दोन. डॉक्टर मुलाची समुपदेशक मुलगी, ही तीन. मग कापूस? कापसाची केळी केली तर चार होतात, आणि नियम तीनचा आहे. म्हणजे ते आबा नाहीत.

पण गाव बदललं की पीक आपोआपच बदलतं. धरणगावला केळीबागायतदार दाखवला तर ज्योत्स्ना विचारणार, पाणी कुठून आणतो? तेव्हा गाव आणि पीक मिळून एक. म्हणजे ते आबा आहेत.

पण रत्ना मुळात 'एकच मुलगा' म्हणाली. दिपमालाला भावंड नाही, हे खरं. पण एकच मूल असलेली म्हातारी माणसं खान्देशात काय एकच आहेत?

पण रडायचं असेल तर रड?

पण हे हल्ली सगळेच म्हणतात. मोबाइलवर रोज सकाळी कोणीतरी फुलाच्या चित्रावर हे लिहून पाठवतं.

भाजी फोडणीला टाकून ती तशीच उभी राहिली. नवरा कुंदन आत येऊन म्हणाला, "काही जळतंय का?" ती म्हणाली, "मी त्रास देते का रे माणसाला?" कुंदनने आधी गॅस बंद केला. मग म्हणाला, "कोणत्या माणसाला?" तिला सांगता आलं नाही. तीन गोष्टी बदलूनही सांगता आलं नाही.

तिला जे कळत होतं ते एवढंच. तो माणूस आबा असतील, तर ती आपल्या बापाच्या बंद दाराला कान लावून बसली होती, आणि बापाला त्याचा पत्ता नव्हता. उद्या आबांना कळलं तर ते धुळ्याला जाणं सोडतील, आणि जिथे ते दोन शब्द बोलतात तेवढी एकच जागा जाईल. तिने रत्नाला कारण सांगितलं, तर रत्नाला कळणार की समोरच्या माणसाची मुलगी कोण. मग रत्ना त्याच्यासमोर मोकळी कशी बसणार? आणि कारण न सांगता बाजूला झाली, तर रत्ना पाटी उतरवणार. म्हणजे तरीही आबांची जागा जाणार.

आणि ते आबा नसतील, तर हे सगळं उगाच.

*

पुढच्या भेटीत तिने थांबायला हवं होतं. खोलीत शिरताशिरता म्हणायला हवं होतं, रत्ना, त्या बाईंचं नको. ती म्हणाली, "त्या धरणगावच्या कशा आहेत?"

"अडकल्यात," रत्ना म्हणाली. "मुलाला तोंडावर सांगायचंय, पण दुखवायचं नाहीये. म्हणतात, तो एवढ्या मायेने येतो, त्याला काय सांगू, की तुझी माया मला दमवते? मी काय करू ताई?"

दिपमालाने जे उत्तर दिलं, ते चांगलं उत्तर होतं. कोणालाही तिने तेच दिलं असतं. आणि ते उत्तर म्हणजे सापळाही होता. या दोन्हींतलं आधी कोणतं सुचलं, ते ती आजही सांगू शकणार नाही.

"त्यांना म्हण, मोठं काही बोलू नका. एवढंच सांगा, की या आठवड्याला येऊ नको. कारण द्यायचं नाही. बघा काय होतं."

"कारण द्यायचं नाही," रत्नाने स्वतःशी म्हणून बघितलं. "छान आहे. सांगते."

परतीच्या बसमध्ये दिपमाला खिडकीशी बसली होती. एरंडोल गेलं तरी तिने काच उघडली नव्हती.

शनिवारी सकाळी आबांचा फोन आला.

"दिपे, ह्या ऐतवारी नको येऊ."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. आबा पुढे बोलले नसते तर बरं झालं असतं. सगळं कळून चुकलं असतं.

"बोदवडले लगीन हाये. पुनाच्या नातीचं."

पुना आबांचा जुना दोस्त. लग्नाची पत्रिका दिपमालाकडेही आली होती, फ्रिजवर चुंबकाखाली लावलेली होती, आणि तारीख रविवारचीच होती.

"आबा, ते तर संध्याकाळचं आहे ना?"

"घरचं लगीन हाये. सकायपासून गेलं पाह्यजे."

"मग मी तिकडेच येते ना. मलाही बोलावणं आहे."



"तू कायले धावपय करते?" आबा म्हणाले. "सोमवारी ये. नही आली तरी चालते."

हे कारण होतं की नव्हतं? लग्न खरं होतं. पण पुनाच्या घरच्या बाकीच्या लग्नांत आबा जेवणाच्या वेळेला पोचून पान खाऊन परत येत आले होते.

*

त्याच दिवशी ती योगेंद्र नानांकडे गेली. धुळ्यात नानांच्या घरी दुपारचा चहा, नानांनी स्वतः केलेला, साखर जास्त. नियम पाळून तिने तीन गोष्टी बदलल्या. घाबरून चौथीही बदलली.

"एक वकील आहे, नाना. त्याच्याकडे एक ज्युनिअर सल्ल्याला येतो. त्या ज्युनिअरचा एक पक्षकार आहे. वकिलाला संशय येतो, की तो पक्षकार म्हणजे आपली मावशी."

"मावशी म्हणजे मावशी नसणार."

"काहीही धरा."

"बरं. पुढे?"

"मावशी म्हणते, भाचा येतो, समोर बसतो आणि मला बोलतं करतो. मला तसं बोलायचं नसतं. भाच्याच्या प्रेमाने मी दमते. म्हणून ती गावाबाहेरच्या वकिलाकडे जाते, चोरून. आता या वकिलाने काय करावं?"

नानांनी कप खाली ठेवला. बशीत नाही, टेबलावर. त्यांचा चेहरा उतरला.

"तुला नूतनने फोन केला होता का?"

नूतन ही नानांची मुलगी, पुण्याला असते.

"नाही हो."

"मग आमच्या घरचं तुला कसं कळलं?"

"नाना, हे तुमच्या घरचं नाहीये."

"दिपमाला, मी हे आयुष्यभर शिकवलंय. मला फिरवू नकोस. ती रोज फोन करते. 'बाबा, मनात काय चाललंय ते सांगा.' मी सांगतो, अगं, नळाला पाणी आलंय, ते भरतोय. तर म्हणते, 'बाबा, तुम्ही विषय टाळता.' पाणी जातं ना तोवर!" नाना उठले, खिडकीशी गेले, परत आले. "आणि मी कुठे जातो, ते तिला सांगू नकोस."

"कुठे जाता नाना?"

"कुठे नाही."

तिने चहा संपवला.  धुळ्यात राहणारे नाना, एक मुलगी, बायको वारलेली. धरणगावच्या बाई म्हणजे नानाही असू शकत होते, गाव एक, बाई दोन, डॉक्टर तीन, आणि कापूस गावात धरला तर हिशेब अगदी चोख बसत होता. रोजच्या फोनला भेट धरलं, तर आबांइतकाच चोख.

निघताना तिने दारात एवढंच विचारलं, "मग त्या वकिलाने काय करावं?"

नाना म्हणाले, "त्याने भाच्याला सांगावं, की जरा दम खा."

*

रत्नाला ती पारोळ्याच्या खोलीत भेटली नाही. त्याच संध्याकाळी तिथल्या बसस्टँडवर भेटली, बाकड्यावर, समोर उसाच्या रसाचं चाक घुंगरं वाजवत फिरत होतं.

"त्या धरणगावच्या बाईंबद्दल इथून पुढे मला काही सांगू नकोस," दिपमाला म्हणाली. "बाकी सगळे क्लायंट आण. रात्री-बेरात्री फोन कर, मी उचलेन. फक्त त्या नको."

"का?"

"सांगता येत नाही."

 रसवाल्याने दोन ग्लास आणून बाकड्यावर ठेवले.

"त्या तुझ्या ओळखीच्या आहेत?"

"मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे खरंच माहीत नाही, रत्ना. आणि मला माहीत करून घ्यायचं नाहीये. आधी करून घ्यायचं होतं. म्हणूनच आता नको. मी तुला जे सुचवलं ना, या आठवड्याला येऊ नको म्हणायचं, ते मी नीट मनाने सुचवलं नव्हतं."

"पण त्यांना ते इतकं..."

"नको सांगूस!"

शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्याने मान वळवून बघितलं. रत्नाने ओठ मिटले. मग तिने हळूच विचारलं, "मग त्यांच्याबद्दल मी कोणाशी बोलू? नानांशी?"

"नानांशी नको."

"का?"

"तेही सांगता येत नाही."

"ज्योत्स्नाताईंशी?"

दिपमालाने नकारार्थी मान हलवली. ज्योत्स्नाच्या सासूबाई धरणगावच्याच होत्या.

"म्हणजे ही समिती कशासाठी आहे ताई?" रत्नाचा आवाज चढला. "मी एकटी बसू नये म्हणून ना? आणि जिथे माझा जीव सगळ्यात जास्त अडकलाय, तिथेच तुम्ही सगळे कानावर हात ठेवणार?"

"हो," दिपमाला म्हणाली. "तिथेच."

 धुळ्याची बस लागली. रत्नाने ओढणी सारखी केली, पर्स उचलली. रस तिने घेतला नव्हता.

"पाटी उतरवशील?"

"शाळेला आज होकार कळवणार होते," रत्ना म्हणाली. "आता नाही कळवत. त्या बाईंना पुढच्या वेळी या म्हणून बसलेय. त्या येतायत तोवर उघडं ठेवीन. तुझ्यासाठी नाही हं. त्यांच्यासाठी."

"बरं."

"आणि मी तुझ्यावर चिडलेय."

"बरं."

रत्ना पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "हे असं 'बरं' म्हणतेस ना, ते क्लायंटला म्हण. मला नको."

*

सोमवारी दिपमाला सावद्याला गेली. आबा ओसरीत बसले होते. पेपर वाचून झाला होता. तिला बघून त्यांनी छताकडे बघायची तयारी केली, हे तिला स्पष्ट दिसलं.

तिने खुर्ची समोर ओढली नाही. भिंतीला टेकलेली होती तिथेच, रस्त्याकडे तोंड करून, ती बसली. रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला.

"लग्न कसं झालं?"

"झालं."

जिभेवर पुढचं वाक्य आलं होतं. आईच्या माघारी पहिलंच लग्न, तुम्हाला कसं वाटलं? तिने ते परत पाठवलं. मग बोलायला काहीच उरलं नाही, आणि तिला भीती वाटली की बापाशी बोलायला आपल्याकडे खरोखरच दुसरं काही नाही.

"आमच्या चौकात केळी फार महाग झालीत," ती म्हणाली. "तुम्ही शेतकरी लोक चांगले कमावताय."

आबांची मान झटकन वळली.

"आमी? आमी कमाई राह्यलो?"

"मग काय. एवढीशी केळी, आणि काय तो भाव."

"तुले कोनी सांगितलं? त्या हातगाडीवाल्यानं? अवं, बागेतून काय भावानं उचलता अन तो काय भावानं इकते, कधी इचारलं का त्याले?"

"तो म्हणतो, माल सावद्याहूनच महाग येतो."

"खोटं बोलते हरामखोर! कोनत्या चौकात उभा राह्यते? नाव काय त्याचं?"

"आबा, गरीब माणूस आहे."

"गरीब असू दे. गरिबानं खोटं बोलावं का? अन तू त्याचं आयकून घेतलं? केयीवाल्याची पोर तू, अन त्याले काही बोलली नही?"

"मला काय माहीत भाव?"

"माहीत नही, मंग भांडते कायले!"

ताईबाई चहा घेऊन दारात आली. आबांचा असा आवाज तिने बऱ्याच दिवसांत ऐकला नव्हता. ती कप ठेवून तिथेच उभी राहिली.

दिपमालाही चढली. ती म्हणाली, तुम्हीच सगळे मिळून व्यापाऱ्याला डोक्यावर बसवलंय. आबा म्हणाले, तुझ्या मायने असं कधी म्हटलं नाही. मग म्हणाले, नाही, म्हटलं होतं, पुष्कळदा म्हटलं होतं, तीही अशीच अक्कल नसताना बोलायची. आणि पुढे त्यांनी भाव कसा फुटतो, घड कसा बघतात, गेल्या हंगामात त्यांना आणि पुनाला कोणी कसं बनवलं, हे सगळं सांगायला सुरुवात केली. मधे ते उठले. त्यांची खुर्ची तिच्या डाव्या बाजूला होती. ती त्यांनी उचलली, तिच्यासमोरून नेऊन उजव्या बाजूला आणून ठेवली, आणि त्याच वाक्याच्या मधल्या शब्दापासून पुढे बोलायला लागले.

तिने काही विचारलं नाही. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने ते थांबले. घसा खाकरला.

"उद्या मंगयवार," ते म्हणाले. "मी धुयाले जाई राह्यलो."

दिपमालाने त्यांच्याकडे बघितलं नाही. ती रस्त्याकडेच बघत होती. अजून एक ट्रक यायची ती वाट बघत होती, पण रस्ता रिकामा होता.

"जा ना," ती म्हणाली. "दात आहे, तर जायलाच पाहिजे. मधेच सोडू नका."

"नही सोडत."

"दुखतो का फार?"

आबांनी विचार केला. "कमी हाये पह्यल्यापेक्षा," ते म्हणाले.

तो दात असेलही. ताईबाईने कप उचलले आणि आत जाताजाता विचारलं, "आबा, तेल कोमट करून ठेवू का सकायी?"

"ठेव," आबा म्हणाले. मग दिपमालाकडे वळले. "तो हातगाडीवाला. नाव इचारून ये त्याचं. पुढच्या ऐतवारी सांग मले."

*

दिपमालाच्या आईला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, भांडायचं तर आबांना तिच्या उजवीकडे बसावं लागे.